ऐकून उठायची खुर्ची

सहावीच्या वर्गातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला समोरच्याचं म्हणणं नीट समजून घेऊन परत सांगितल्याशिवाय उठता येत नसे. उगले बाई त्या खुर्चीवर संवादाचा तास घेत. एक मूल बसे, दुसरं समोर उभं राहून मनातलं बोले. ऐकणाऱ्यानं 'म्हणजे तुझं म्हणणं असं' म्हणत बरोबर सांगितलं, की खुर्ची त्याला सोडी. सुरुवातीला काही पोरांचे डबे खुर्चीतच व्हायचे. दिवाळीपर्यंत सगळी चटचट उठू लागली.

या तासाला अभ्यासक्रमात जागा नव्हती. म्हणून तो बंद करायला विस्तार अधिकारी निंबोरे साहेब आले.

आता साहेबाला बिनहातांच्या खुर्चीत बसवणं आपल्याकडे शोभत नाही, आणि शाळेत हातांची खुर्ची ती एकच. मुख्याध्यापक पिसाळ सरांनी तिच्यावर पांढरा टर्किश टॉवेल टाकला. टॉवेल पडला की खुर्ची कार्यालयीन होते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"सर, टॉवेलनं काही होत नाही हो," बाई म्हणाल्या.

"बाई, आज तुम्ही जरा गप्प बसा."

बाई गप्प बसल्या. ज्याला ऐकायचंच नाही, त्याच्यापुढे किती डोकं फोडायचं?

साहेब बसले. आदेश वाचण्याआधी रीत म्हणून त्यांनी पहिल्या बाकावरच्या सगुणाला विचारलं, "काय गं बाळ, काय शिकलीस या तासात?"

सगुणा उभी राहिली. "साहेब, माझा एक बोकड होता. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. दादानं मला न इचारता पाव्हण्यांसाठी कापला. मी दादाशी बोलायची बंद झाले. मग बाईंनी त्याला बोलवून ह्या खुर्चीत बसवला. त्याला वाटलं, मला मटण कमी वाढलं म्हणून रुसले. दुपारपातूर बसला, तवा कुठं बरोबर बोलला. माझा राग गेला नाय. पण राग कशाचा हाय, ते आता त्याला म्हायतीय."

"छान, छान! भांडण मिटलं," म्हणत साहेब उठायला गेले. खुर्चीनं उठू दिलं नाही.

"मिटलं नाय," सगुणा म्हणाली.

"म्हणजे, कुटुंबात सलोखा निर्माण झाला." खुर्ची ढिम्म. "मुक्या प्राण्यांविषयी प्रेम वाढीस लागलं." तरी ढिम्म. साहेबांनी पशुपालनाला चालनाही देऊन पाहिली. पिसाळ सरांनी टॉवेल ओढून काढता येतो का पाहिलं, तर तोही साहेबांच्या खाली अडकलेला.

घामाघूम झालेले साहेब अखेर म्हणाले, "बाई, आदेश रद्द समजा. तुमचा तास चालू राहील. मला सोडवा."

"जिंकलात की बाई!" पिसाळ सर कानाशी लागले. "पोरीला सांगा, मिटलं म्हण. एक शब्द तर बदलायचाय."

बाईंना मोह झाला नाही असं नाही. या तासापायी त्यांनी काय कमी बोलणी खाल्ली होती? बदलीची धमकीसुद्धा पचवली होती. त्यांनी सगुणाकडे पाहिलं. पोरगी हनुवटी वर करून उभी होती. बाईंना स्वतःचाच संताप आला.

"नाही बदलणार ती," बाई म्हणाल्या. "आणि मी तिला सांगणारही नाही. तास बंद करायचा तर खुशाल करा, साहेब. पण पोर काय म्हणाली, ते ऐकावं लागेल."

"अहो, ऐकलं की मी!"

"ते खुर्चीला सांगा."

घंटा झाली. गणिताचा तास सुरू झाला, कारण साहेब बसलेत म्हणून अपूर्णांक थांबत नाहीत. ड्रायव्हरनं डबा आणून दिला. साहेबांनी तो मांडीवर घेऊन खाल्ला आणि मुलांनी त्यांना लोणचं दिलं. जेवून साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाले, "सगुणा, मला नाही कळलं. राग गेला नाही, तर मग बरं काय झालं?"

बाईंनी खडू खाली ठेवला. ज्याचं उत्तर स्वतःला ठाऊक नाही असा प्रश्न साहेबांनी सकाळपासून हा पहिलाच विचारला होता.

"सांगते," सगुणा म्हणाली. "पर आधी बोकडाचं नाव इचारा."

साहेबांनी नाव विचारलं.