फळ्यावरचा गाँगूझलर

"या इमारतीत पंचेचाळीस घरं, पण एकाकडे धड फडकं नाही," श्यामराव फळ्याशी नाक लावून पुटपुटले. मागे लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या मीनाक्षीला ते स्पष्ट ऐकू आलं. सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला, कालचा शब्द पुसला आणि निळ्या मार्करने आजचा लिहायला घेतला. रुमाल तिनेच काल इस्त्री करून ठेवलेला होता. त्या फळ्यापायी तिने कपाटातल्या साड्यासुद्धा फडकी म्हणून दिल्या असत्या.

त्याला कारण होतं. नवऱ्याची, सुश्रुतची, नोकरी सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसात, म्हणून सॉल्ट लेकच्या या बंगाली इमारतीत ती राहायला आली त्याला पाच वर्षं झाली होती. त्यातली पहिली तीन वर्षं शेजाऱ्यांशी तिचं एकूण बोलणं 'भालो?' आणि 'भालो', म्हणजे 'बरं?' आणि 'बरं', एवढंच. दारं उघडायची, हसायची, मिटायची. मग सासूबाई गेल्या आणि श्यामराव सांगलीचं घर बंद करून इथे आले. आठव्या दिवशी त्यांना तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक पांढरा फळा दिसला. त्यावर 'टाकी धुणार आहेत' एवढंच लिहिलेलं होतं, तेही दोन वर्षांपूर्वीचं. श्यामरावांनी सेक्रेटरींची परवानगी घेतली, टाकी पुसली आणि तिथे एक इंग्रजी शब्द लिहिला: अ‍ॅग्लेट. खाली अर्थ: बुटाच्या नाडीच्या टोकाला असते ती कडक टोपी.

त्या दिवशी ऑफिसला निघालेला प्रत्येक माणूस फळ्यापुढे वाकून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी फिलट्रम आला, नाकाखालची खाच. मग लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, आणि तोंडाकडे बघितलं की माणूस बोलतोच. तीन महिन्यांत तिसऱ्या मजल्यावरचे मुखर्जीबाबू संध्याकाळच्या चहाला हक्काने येऊ लागले. निवृत्त मुख्याध्यापिका सेनदीदींनी मीनाक्षीला मोहरी वाटायला शिकवली. सगळी इमारत तिला 'बौमा' म्हणू लागली, म्हणजे सूनबाई. तीन वर्षांत जे तिला जमलं नव्हतं ते सासऱ्यांनी एका मार्करवर करून दाखवलं होतं.

बरं, श्यामराव काही प्रोफेसर नव्हते. सांगलीच्या छापखान्यात ते कंपोझिटर होते. तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. इंग्रजी मजकूर आला की एकेक अक्षर उचलायचं आणि उलटं लावायचं. शब्दाचा अर्थ काय, हे विचारायला ना वेळ ना कुणी सांगणारं. मात्र अडलेला प्रत्येक शब्द ते घरी येऊन वहीत टिपत. निवृत्त झाल्यावर दोन जाडजूड शब्दकोश आणले आणि एकेका शब्दाचा छडा लावला. "तीस वर्षं उलटे वाचले, आता सुलटे वाचतो," असं ते म्हणत. मीनाक्षीला या माणसाचं मनापासून कौतुक होतं.

तर सुट्टीच्या त्या सोमवारी फळ्यावर आलेला शब्द होता गाँगूझलर: कालव्याच्या काठी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या होड्या बघत बसणारा रिकामटेकडा माणूस.

"श्यामदा, हा तर मी," मुखर्जीबाबू खूश होऊन म्हणाले. त्यांच्या गॅलरीतून केष्टोपूरचा कालवा दिसतो. त्यात होड्या नसतात, जलपर्णी असते, पण ते रोज दोन तास बघतात.

मंगळवारी फळ्यावर गाँगूझलरच होता. पुसायचा राहिला असेल, असं मीनाक्षीला वाटलं. मग तिने नीट बघितलं. सोमवारची शाई निळी होती, ही हिरवी होती. म्हणजे पुसून पुन्हा लिहिला होता. तेवढ्यात मुखर्जीबाबू लिफ्टमधून बाहेर आले, फळ्याकडे बघून क्षणभर थबकले आणि मग शेजारी उभ्या श्यामरावांना म्हणाले, "वा, श्यामदा. अगदी नवीन शब्द. कुठून शोधता हो?"

श्यामरावांनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "नवीन?"

"एकदम नवीन," मुखर्जीबाबू म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मीनाक्षीला जिन्यात गाठलं. "बौमा, एक ऐक. आमच्या दादाचं असंच सुरू झालं होतं. तीच गोष्ट दोनदा सांगायचा. माझी वहिनी एकदा जेवताना म्हणाली, हे तुम्ही काल सांगितलंत. त्या दिवसापासून दादा ताटावर बोललाच नाही. चार वर्षं. तेव्हा काहीही कर, पण तोंडावर सांगू नकोस."

मीनाक्षीने मान हलवली. बुधवारी काळ्या शाईत गाँगूझलर आला आणि इमारत कामाला लागली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर श्यामरावही असल्यामुळे त्यांना वगळून दुसरा ग्रुप काढण्यात आला. सेनदीदींनी नियम घातले. एक, शब्द रोज नवा आहे असंच वागायचं. दोन, जुना कुठलाही शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही, गोंधळ होईल. तीन, सगळ्यांनी एकदमच कौतुक करायचं नाही. त्यांनी मजल्यांप्रमाणे वार वाटून दिले. गुरुवारी पहिल्या मजल्याने थक्क व्हायचं होतं, शुक्रवारी दुसऱ्याने. गेटवरच्या दरवानाला 'की शुंदर', किती सुंदर, एवढंच म्हणायला सांगितलं. तो शिफ्ट बदलताना पुढच्यालाही सांगून जाऊ लागला.

सातवीतल्या नूपुरला हे पटेना. तिचं मराठी घरापुरतं. "आई, आजोबांनी परत तोच वर्ड लिहिला. मी स्वतः बघितली."

"बघितला. आणि तू काही बोलायचं नाहीस."

"पण मग ते लाय नाही होत?"

"होतं," मीनाक्षी म्हणाली. "दूध पी."

घरातही तयारी सुरू झाली. रोज सकाळी भिजवलेले बदाम. गॅसचं बटण वापरून झालं की काढून डब्यात. सुश्रुतने कुठेसं वाचलं की अशा माणसांना चिठ्ठ्या लावलेल्या बऱ्या, म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या खणांवर चमचे, झारे, सुर्या अशा पट्ट्या चिकटवल्या.

"हे काय?" श्यामरावांनी विचारलं.

"नूपुरसाठी, बाबा. तिला मराठी वाचायची सवय व्हावी म्हणून."

"मग 'सुर्या'तला र्या काढून टाक आधी. तिथे ऱ्या हवा. पोरगी चुकीचं शिकेल."

मीनाक्षी अधूनमधून हळूच परीक्षाही घ्यायची. "बाबा, काल दुपारी कुठली भाजी केली होती हो मी?"

"पडवळ. मीठ कमी होतं. परवा लाल भोपळा, त्यात मीठ बरोबर होतं. तू का विचारतेस? तुला आठवत नाही?"

हे सगळं तिने सेनदीदींना सांगितलं. त्यांनी चष्मा सावरला. "जुनं आठवतंच त्यांना."

"पण दीदी, काल म्हणजे जुनं कुठे?"

"तीच तर सुरुवात असते," सेनदीदी गंभीरपणे म्हणाल्या. इतका आत्मविश्वास समोर असल्यावर पडवळाचं काय चालणार.

दुसऱ्या आठवड्यात श्यामराव गप्प गप्प राहू लागले. गाँगूझलर मात्र वाढत चालला. सोमवारी त्याखाली एक रेघ आली. मंगळवारी दोन. बुधवारी तो लाल शाईत वीतभर उंचीचा होता आणि चारी बाजूंनी चौकट होती. "आजार पुढे सरकतोय," मुखर्जीबाबू हळहळले, आणि इमारतीने कौतुकाचा जोर दुप्पट केला. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी फोटो काढला. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी तर वहीत उतरवून घेतला, श्यामरावांच्या डोळ्यांदेखत, स्पेलिंग विचारून. प्रत्येक कौतुकासरशी म्हाताऱ्याचा चेहरा इंचभर उतरत होता. ते घरी येऊन खिडकीशी बसत आणि शब्दकोश उघडतसुद्धा नसत.

सुश्रुतने डमडमच्या एका नामांकित डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. बाबांना सांगितलं, डोळे तपासायचेत. मीनाक्षीला मात्र त्याने स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. "डॉक्टर तसं काही म्हणाले तर फळा बंद करावा लागेल. एकट्याने खाली जाणंही बंद. तू दिवसभर घरात एकटी, तुला कसं झेपणार? मी आभाशी बोललोय. लेक आहे ती त्यांची, नागपूरला न्यायला तयार आहे."

"तुम्ही बाबांना विचारलंत?"

"काय विचारू? तुम्हाला विसरायला होतं का, असं?"

सेनदीदींच्या नियमांत मीनाक्षीने स्वतःलाच अडकवून घेतलं होतं. त्या रात्रीपासून पोळ्या लाटताना ती दिवस मोजत राहिली: सोमवारला चार दिवस उरले, तीन उरले.

सत्काराची कल्पना सेनदीदींचीच. "त्यांना कळतंय तोवरच करून घेऊ," त्या म्हणाल्या आणि रुमालाने नाक पुसलं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या. फळ्याला झेंडूची माळ घातली. माळेच्या आत गाँगूझलर होता, तीन रेघांनिशी. संदेश मिठाई आली, शाल आली, कुणीतरी शंखही फुंकला. भाषणं झाली. प्रत्येकाने आजच्या नव्याकोऱ्या शब्दाबद्दल आभार मानले. मुखर्जीबाबू बोलता बोलता दोनदा थांबले आणि छताकडे बघून डोळे मिटून उघडले. त्यांना त्यांचा दादा आठवत होता, हे मीनाक्षीला कळलं.

मग श्यामराव उठले. अंगावर शाल, हातात मार्कर. ते हिंदीत बोलले, सांगलीच्या हिंदीत.

"तुम्ही एवढं प्रेम केलंत. मला एकच विचारायचंय. दोन वर्षांत मी सातशेच्या वर शब्द लिहिले. त्यातला कुणाला एखादा आठवतो का?"

कुणी हललं नाही. नियम क्रमांक दोन. पाचव्या मजल्यावरच्या बाई वहीशी चाळा करू लागल्या. सेनदीदींनी डोळ्यांनीच सगळ्यांना दटावलं. शांतता फारच लांबली, तेव्हा मुखर्जीबाबूंनी तिच्यात उडी घेतली.

"मागचं कशाला, श्यामदा? आजचाच घ्या ना. असा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता."

श्यामरावांनी मान डोलावली. शाल काढली, तिची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली. वर मार्कर ठेवला. "बरं. मग उद्यापासून फळा सेक्रेटरींना परत. टाकीची सूचना लिहायला त्यांना लागेलच. मुलगा मला नागपूरला पाठवायचं म्हणतोय, तसं मी ऐकलंय. जाईन म्हणतो. इथे माझं असं काही काम नाही."

सुश्रुत खुर्चीतच अवघडला. 

"मला आठवतात," मीनाक्षी उठून म्हणाली. मराठीतच, कारण दुसरी कुठली भाषा त्या वेळी तिला सापडली नाही. "अ‍ॅग्लेट. नूपुरच्या बुटाची नाडी उसवली होती तेव्हा दुकानात मी तोच शब्द म्हटला, आणि दुकानदार बघतच राहिला. ग्रिफोनाज, गिचमिड अक्षर. तो तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून सुश्रुतचं औषध आणलंत त्या दिवशी लिहिलात. बोरबोरिग्मस, पोटातली गुडगुड. सेनदीदी पहिल्यांदा आपल्या घरी जेवायला आल्या त्या याच शब्दावरून हसत हसत. लुन्युला, नखावरची चंद्रकोर. मला सगळे पाठ आहेत, बाबा."

"बौमा," सेनदीदी दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण शब्द ओळखीचे होते.

मीनाक्षीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. सोमवार, डमडम, नागपूर, मुखर्जीबाबूंचा चार वर्षं न बोललेला दादा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण समोर घडी घातलेली शाल होती, आणि ती काही तिला बघवत नव्हती.

"आणि बाबा, गेले बारा दिवस तुम्ही एकच शब्द लिहिताय."

मुखर्जीबाबूंनी डोळे मिटून घेतले.

श्यामरावांनी तिच्याकडे रोखून बघितलं. मग आठवडाभर कुठे तरी गेलेलं त्यांचं हसू हळूहळू मिशीच्या एका टोकाकडून परत आलं.

"तेरा," ते म्हणाले. "मधल्या रविवारी तू खाली उतरलीच नव्हतीस." त्यांनी खुर्चीवरचा मार्कर उचलला. "पहिल्या दिवशी सुट्टी होती, निम्मी माणसं घरात. म्हटलं, त्यांच्यासाठी पुन्हा लिहावा. तर हे मुखर्जीबाबू म्हणाले, एकदम नवीन. तेव्हापासून तोच लिहून वाट बघतोय, कुणी वाचतं तरी का."