बाईंचा वर केलेला हात

गणिताच्या बाईंच्या वर्गात बेचाळीस मुलं होती आणि बेचाळीसही एकदम बोलत. प्रश्न फळ्यावर उतरायच्या आत उत्तरं येत, त्यांतली निम्मी दुसऱ्याच प्रश्नाची असत. शेवटी सोमवारी बाईंनी नियम केला. बोलायचं असेल त्यानं हात वर करायचा आणि बाई नाव घेईपर्यंत गप्प बसायचं. मधे बोलेल तो तास संपेपर्यंत उभा. मंगळवारी निम्मा वर्ग उभा होता.

बुधवारी शिक्षकांची मीटिंग झाली. बाईंना शुक्रवारची रजा हवी होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि मायलेकींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. रजा एका दिवशी एकालाच मिळे. मुलांना शिकवतो ते आपणही पाळावं, अशी काहीतरी खुळचट समजूत असल्यामुळे बाईंनी हात वर केला आणि त्या थांबल्या.

"शुक्रवारची पालकसभा कोण घेणार?" हेडसर विचारत होते. "वा, बाईंचा हात वर आहेच. लिहून घ्या."

बाई मधे बोलल्या नाहीत. गैरसमज दूर व्हावा म्हणून त्यांनी हात आणखी उंच केला.

"सभेनंतर हॉल आवरायचाय. तोही तुम्हीच? छान."

हात वर करून जबाबदारी झटकणारे लोक पुष्कळ असतात. हात वर करून ती अंगावर घेणाऱ्या बाईच पहिल्या. बाकीचे शिक्षक हात टेबलाखाली घेऊन शहाण्यासारखे बसले होते. बाईंनी तिसऱ्यांदा हात हलवला, तेव्हा प्रयोगशाळेची कपाटंही त्यांच्याकडे आली.

तेवढ्यात खेळाचे सर बिस्कीट चावत हेडसरांचं वाक्य तोडून म्हणाले, "सर, शुक्रवारी मी नाही हां. मेव्हण्यानं गाडी घेतलीय, आणायला जायचंय."

"जा की. रजा तुमची," हेडसर म्हणाले आणि मीटिंग संपली.

बाई ऑफिसात गेल्या. "सर, रजा मला हवी होती. आईचं ऑपरेशन आहे."

"अहो, मग तोंड उघडायचं ना."

"हात वर केला होता मी."

"तीनदा केलात. मी म्हटलं, काय उत्साह आहे बाईंचा." हेडसरांनी कागद पुढे सरकवला. "आता सह्या झाल्यात सगळ्यांच्या. आईंना सांभाळून जायला सांगा."

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. "लहानपणी मीच तुला सांगायची, मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये. कुठून बुद्धी झाली मला. जाईन मी एकटी. एक डोळा शाबूत आहे अजून, बस दिसते मला."

बाई रात्रभर जळफळत राहिल्या. हेडसरांना सुनवायची वाक्यं त्यांना आत्ता एकामागून एक सुचत होती.

गुरुवारी वर्गात पोरं ओरडू लागली, तेव्हा बाईंनी कुणाला उभं केलं नाही. ओरडेल त्याचं उत्तर त्या फळ्यावर लिहीत गेल्या. या जगात असंच चालतं, तर पोरांनी ते आत्ताच शिकलेलं बरं, असं त्यांना वाटत होतं. चार गणितं झाल्यावर त्या वळल्या. भिंतीकडच्या बाकावर एका मुलीचा हात वर होता. दुखू नये म्हणून तिनं कोपराला दुसऱ्या हाताचा टेकू दिला होता.

"काय गं? केव्हापासून हात वर आहे?"

"सोमवारपासून, बाई. रोज तुमच्या तासाला करते."

"मग सांगायचंस ना."

"तुम्ही माझं नाव नाही घेतलंत."

आवाज चढवणाऱ्यांच्याच मागे चार दिवस गेले होते. गप्प असलेल्यांकडे बघायला बाईंना सवडच झाली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"बरं, आता बोल. काय विचारायचंय?"

"माझी आई लांब कामाला असते. सुट्टीवर आली होती, आजपर्यंतच. तिला तुम्हाला भेटायचं होतं. किती वाजता आणू, एवढंच विचारायचं होतं."

"मग आज आण. आत्ता आण. मी थांबते."

"आता नको, बाई. तिची गाडी सुटली एवढ्यात. पुढच्या वर्षी येईल," मुलगी म्हणाली आणि वही उघडून फळ्यावरचं उतरवू लागली.