साहेबांचं ऑपरेशन आणि लाल पेन

मंडळी, माझ्या हातून चूक होत नाही. ही फुशारकी नाही, माझी नोकरीच ती आहे. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षं तपासनीस आहे. झाकण उचलायचं, उलटं करायचं, कडेवरून बोट फिरवायचं आणि खोट सापडली की तक्त्यावर लाल पेनानं काट मारून खाली सही, तारीख! माझी काट आजवर कुणी खोडलेली नाही. घरीही माझी हीच पद्धत. बायकोची सामानाची यादी मी तपासतो, मेव्हणीचं पत्र आलं तर तेही तपासतो. मेव्हणीनं हल्ली पत्र लिहिणं बंद केलंय, ती गोष्ट वेगळी.

आमच्या घरात आम्ही दोघं आणि एक ससा. मूलबाळ नाही. त्या विषयावर बोलणं आम्ही कधीतरी थांबवलं आणि पुढे एका दुपारी बायको टोपलीतून ससा घेऊन आली. त्याचं नाव साहेब. कारण तो दिवसभर बसून असतो, काय काम करतो ते कुणाला ठाऊक नाही, पण तो आला की सगळ्यांना उठावं लागतं. बायको त्याला अहोजाहो करते. मला करत नाही.

वर्षाचा झाल्यावर साहेबांना तारुण्य चढलं. माझ्या चपलेशी त्यांनी जे प्रेमप्रकरण सुरू केलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. जागोजागी धार मारून हद्द आखायला लागले. बायको घरी पडदे शिवते. गिऱ्हाइकाचे सोळा मीटर मलईरंगी पडदे तयार होऊन दिवाणावर ठेवलेले, आणि एका सकाळी पाहतो तर साहेबांनी ते स्वतःच्या नावावर करून घेतलेले! पिंजऱ्याची कडी उघडी होती.

बायकोनं विचारलं, कडी कुणी लावली नाही? मी म्हणालो, मी लावली होती, मी विसरत नसतो. घरात माणसं दोन. म्हणजे उरलं कोण, ते सांगायला नको. खरी गोष्ट मला दाढी करताना आठवली. साहेबांना पाणी घालून मी तसाच निघालो होतो. पण तोवर माझ्या बाजूनं निकाल लागून गेला होता, आणि लागलेला निकाल फिरवायची मला सवय नाही.

"एकदा, आयुष्यात एकदा 'माझं चुकलं' म्हण," बायको म्हणाली. "म्हणाला नाहीस तर साहेबांना घेऊन मी ताईकडे निघून जाईन. खोटं नाही सांगत."

त्यानंतर तिनं अबोला धरला.

आता बावीस वर्षांचा तपासनीस दोन शब्दांत नापास होईल काय? मी ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. साहेबांची नसबंदी करायची हे आधीच ठरलं होतं. तयारीपासून टाके भरेपर्यंत सगळं मी एकट्यानं करणार! मग ती आपोआप बोलेल, कदाचित हसेलही.

डॉक्टरबाईंनी फोनवर दिलेल्या सूचना बायकोनं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्या होत्या. पहिलीच ओळ वाचून मला हसू फुटलं. 'ऑपरेशनच्या सकाळपर्यंत पोटभर खायला द्यावे.' पोटभर! माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला बारा तास पाण्याचा थेंब दिला नव्हता. ऑपरेशन म्हणजे उपास, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बायको घाईत उलटं लिहून बसली असणार. मी लाल पेन काढलं, ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'आदल्या रात्री दहापासून अन्नपाणी बंद.' खाली सही, तारीख. बायको वाया गेलेले पडदे नव्यानं शिवत बसली होती. ती काही फ्रिजकडे फिरकली नाही. सकाळी ती पडदे पोचवायला लवकर गेली. साहेबांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं, तुमच्याच भल्यासाठी आहे हे.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, सकाळी खाल्लं का नीट?

"कण नाही!" मी छाती काढून म्हणालो. "रात्री दहापासून पाणीसुद्धा बंद. एकदम कडक."

डॉक्टरबाईंनी हातातलं ठेवलं. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायचं कारणच नसतं, असं त्यांनी मला सावकाश, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्याचं पोट सतत चालू असावं लागतं. पोट बंद पडलं की ससा जातो. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि त्या कोरड्या तोंडातून शब्द निघाला, "बायकोनं."

मंडळी, तुम्ही काय म्हणताय ते मला ऐकू येतंय. मीही स्वतःला तेच म्हणतो.

त्यांनी साहेबांना तिथंच गवत खायला घातलं, पाणी पाजलं आणि ऑपरेशन दुपारी केलं. घरी पाठवताना बजावलं, ऊब द्या, खाली भुसा नको, स्वच्छ कोरडा टॉवेल हवा, आणि खाणं नि लेंड्या यांवर डोळा ठेवा. उद्या सकाळपर्यंत लेंडी पडली नाही तर धोका आहे.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर ठाण मांडलं. तक्ता आखला. वेळ, घास, लेंड्या, शेरा. लेंड्यांच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. साहेब कोपऱ्यात गोळा होऊन दात खात बसले होते. सुईशिवायच्या पिचकारीनं मी पातळ खाणं भरवायला गेलो, तर त्यांनी मान झटकली आणि सगळं माझ्या चष्म्यावर. ऊब द्यायला बाटलीत कोमट पाणी भरून शेजारी ठेवली, तर ती गळली! कोरडा टॉवेल ओला, साहेबांचं पोट ओलं, टाके ओले. बायको तेवढ्यात आली होती. तिनं साहेबांना उचललं, हलक्या हातानं टिपून कोरडं केलं. मग बाटलीचं झाकण काढून उलटं केलं, आतला शिक्का पाहिला आणि झाकण माझ्यासमोर ठेवलं. आमच्याच कारखान्याचं होतं.

ती टॉवेलच्या पलीकडे बसली. "साहेब, पाणी घेतलंत का?" तिनं सशाला विचारलं. दोन घोट, मी सांगितलं. "दुखतंय का फार?" तिनं सशाला विचारलं. हो, मी म्हणालो. ते कुणाबद्दल म्हणालो, मलाच कळलं नाही. खूप दिवसांनी आम्ही एका जागी इतका वेळ बसलो होतो. मला फार भीती वाटत होती, आणि खरं सांगतो, बरंही वाटत होतं.

सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. बायकोच्याच नंबरवर. ती उठून फ्रिजजवळ उभी राहिली. डॉक्टरबाईंचा आवाज खणखणीत, मला सगळं ऐकू येत होतं. बाई, राग मानू नका, पण सशाला उपाशी ठेवायला तुम्ही सांगितलंत, ते जिवावर बेतलं असतं.

बायको काही बोलणार होती. तेवढ्यात तिची नजर समोरच्या कागदावर गेली. लाल काट, वरची ओळ, सही, तारीख. तिनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"हो डॉक्टर," ती म्हणाली. "माझं चुकलं."

आमच्या स्वयंपाकघरात ते शब्द पहिल्यांदा उच्चारले गेले, आणि उच्चारले ते चुकीच्या माणसानं. मी तेव्हाच उठायला हवं होतं. दोन पावलांवर ती उभी होती. पण त्याच क्षणी साहेब हलले, आणि टॉवेलवर लेंड्या पडल्या.

"आल्या!" मी ओरडलो आणि मोजायला बसलो. अकरा होत्या! गोल, टणटणीत, एकही नापास करण्यासारखी नाही. मागे बायको डॉक्टरबाईंना हळूच काहीतरी विचारत होती. तासाभराचा प्रवास, टोपलीत, ऊब देऊन, चालेल का? खायला लागला असेल तर चालेल, असं उत्तर आलं. मी रकान्यात अकरा लिहिलं, सही केली, तारीख घातली. मान वर केली तर साहेब मूठभर गवत खाऊन टोपलीत बसले होते आणि बायको चपला घालत होती.

"तक्ता राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली आणि गेली.

आठवड्यानं मी हिय्या करून फोन लावला. कुणाला? डॉक्टरबाईंना! म्हटलं, ते उपाशी ठेवणं माझं होतं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. आधी किती अभिमानानं सांगितलंत तुम्ही! पण हे मला सांगून काय उपयोग?" वर म्हणाल्या, बाई कालच टाके दाखवून गेल्या, छान भरलेत.

सूचनांचा तो कागद अजून फ्रिजवर आहे. त्यातली शेवटची ओळ अशी, 'ऑपरेशननंतर नराला सहा आठवडे मादीपासून वेगळे ठेवावे.' ती वाचून मी पूर्वी हसलो होतो, म्हटलं, आमच्या घरात मादी ससा आहेच कुठे. आता त्या ओळीखाली ठसठशीत लाल रेघ आहे. रेघेखाली बायकोची सही, तारीख, ती गेली त्या सकाळची.

ही ओळ मी खोडलेली नाही. शेजारी बेचाळीस चौकोनांचा तक्ता आखून लावलाय. बेचाळिसाव्या दिवशी ती परत येईल असं कागदावर कुठंच लिहिलेलं नाही, हे मला दिसतं, तपासनीस आहे मी. तरी रोज एका चौकोनावर खूण करतो. आज एकोणिसावी केली, निळ्या पेनानं. लाल पेन ती घेऊन गेलीय.