चौथ्या गिअरची अंगाई

छोटी गाडी हायवेला कशी चालवावी, हे पान्याइतकं कुणालाच कळत नाही. हे खुद्द पान्यानेच सांगितलंय, म्हणजे शंकेला जागाच नाही.

पान्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी चड्डीच्या खिशात पाना घेऊन फिरायचा आणि दिसेल तो नट पिळायचा, म्हणून पान्या. ड्रायव्हिंग स्कूलचं तोंड त्याने लायसन्सपुरतं पाहिलं. बाकीचं शिक्षण फोनवर व्हिडिओ बघून आणि दुसऱ्यांच्या गाड्यांची बॉनेटं उघडून. आणि आता तो शिकवतो! कुणालाही. जेवताना, जिन्यात, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. छोट्या गाडीचं इंजिन म्हणजे दम कमी असलेला माणूस, असं त्याचं व्याख्यान सुरू होतं. पहिले चार गिअर हे त्याला जिना चढवायला. पाचवा म्हणजे वर पोचल्यावरची आरामखुर्ची. हायवेला ऐंशीवर पाचवा टाकायचा आणि विसरून जायचं. इंजिन नुसतं गुणगुणतं. पेट्रोल पीत नाही, हुंगतं! इथपर्यंत व्याख्यान आलं की भावजी, म्हणजे ताईचे यजमान, अर्ध्या जेवणातून हात धुवायला उठतात.

तर ताईला मुलाखतीचं बोलावणं आलं. बाळ झाल्यावर तिने नोकरी सोडली होती, आणि त्यानंतर पन्नास ठिकाणी अर्ज टाकून आलेलं हे पहिलंच बोलावणं. तेही दुसऱ्या शहरातून. भावजी कामाला बाहेरगावी. आणि बाळाला नेमके दात येत होते.

बाळाचं घरातलं नाव भोंगी. मुलगी दिसायला उशीएवढी, पण रडायला लागली की तळमजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून वर बघतो. सगळा आठवडा तिने ताईला डोळ्याला डोळा लावू दिला नव्हता. ताईची अवस्था अशी, की आदल्या दिवशी तिने चहात मीठ टाकलं, वर तो संपवला आणि चांगला झालाय म्हणाली. अशा डोक्याने मुलाखतीला बसली असती तर स्वतःचं नाव तरी सांगता आलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

“मी नेतो,” पान्या म्हणाला. “तू मागे भोंगीजवळ बस आणि झोप. पाचव्या गिअरात गाडी म्हणजे पाळणा असते.”

ताईने हो म्हटलं. झोप शब्द ऐकून ती तेव्हा कशालाही हो म्हणाली असती.

सकाळी निघाले. गावातून बाहेर पडेपर्यंत भोंगीने सीटमध्ये अडकवलेल्या अवस्थेतच अख्खा रस्ता जागा केला. हायवे लागला. पान्याने तिसरा टाकला, चौथा टाकला, काटा ऐंशीकडे गेला, आणि मागे एकदम शांतता! आरशात बघतो तर भोंगी गाढ. ताईची मान पण खिडकीकडे कललेली. पान्याचा ऊर भरून आला. आता फक्त आरामखुर्ची. त्याने मोठ्या अदबीने क्लच दाबला आणि पाचवा टाकला.

इंजिनाचा आवाज खाली उतरला. भोंगीचा वर चढला.

ताई दचकून उठली. तिने थोपटलं, गाणं म्हटलं, चावायची रबरी रिंग तोंडात दिली. काही उपयोग नाही. पुढे रस्ता अरुंद होता म्हणून पान्याने परत चौथा घेतला. मागे शांतता. रस्ता मोकळा झाला, पाचवा. भोंगा. चौथा. शांतता. पान्या म्हणाला योगायोग असेल, आणि खात्री करायला आणखी एकदा पाचवा टाकला. योगायोग नव्हता.

“चौथ्यातच ठेव,” ताई म्हणाली.

“ताई, हायवेला चौथा? इंजिन कोकलतंय बघ. आणि पेट्रोल...”

“पान्या, तिला तो आवाज आवडतोय. पाचव्याला हात लावलास ना, तर तो दांडा उपटून तुझ्या हातात देईन.”

एवढं बोलून तिने डोळे मिटले.

पान्याच्या जिवाचं काय झालं ते त्यालाच ठाऊक. ज्याने अख्ख्या खानदानाला पाचव्याचं महत्त्व पटवलं, त्याच्या हातून ऐंशीला चौथा! शेजारून कुणी ओळखीचं गेलं तर तोंड दाखवायला जागा नाही. पेट्रोलचा काटा त्याला उतरताना दिसत होता, खरं तर जागचा हलला नव्हता तरी. पण मागे दोघी झोपल्या होत्या, त्यामुळे त्याने दात आवळले आणि चौथ्याचा आवाज सहन केला.

तेवढ्यात पुढे एक ट्रेलर आला. त्याच्यावर कसलंसं घराएवढं यंत्र, आणि चाल सासरी निघाल्यासारखी. ओव्हरटेकला जागा नाही. पान्याचा वेग उतरला, वेगाबरोबर आवाज उतरला, आणि आरशात भोंगीचा खालचा ओठ पुढे आला. हा ओठ म्हणजे धोक्याची सूचना. घाबरून पान्याने तिसरा टाकला आणि जरासा पाय दाबला. आवाज चढला. तोच सूर. ओठ आत गेला.

पान्या थक्क झाला. म्हणजे भोंगीला गिअर आवडत नव्हता, सूर आवडत होता. इंजिन तेवढ्याच वेगाने फिरत राहिलं की झालं, चाकं हवी तशी फिरू देत. ऐंशीला चौथा, साठच्या आसपास तिसरा, त्याच्या खाली दुसरा. छोट्या गाडीचे गिअर इतके जवळजवळ का बसवलेले असतात, याचं उत्तर त्याला इतक्या वर्षांनी मिळालं. बाळांसाठी!

गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नव्हता. सगळं कानावर. पान्या एक कान बॉनेटकडे आणि एक डोळा आरशाकडे लावून पेटीवाल्यासारखा गिअर बदलत राहिला. चढ आला, उतार आला, मध्येच एक म्हैस आली. सूर हलला नाही. स्वतःवर तो इतका खूश झाला की टोलनाका दिसल्यावरच भानावर आला.

टोलची रांग जागची हलत नव्हती. गाडी उभी, चाकं शून्यावर. आता कुठला गिअर? पान्याने न्यूट्रल केला आणि अॅक्सिलरेटर तेवढाच दाबून धरला. उभ्या जागी गाडी अशी गुरगुरायला लागली की पुढच्या मोठ्या गाडीतला गलेलठ्ठ माणूस वळून बघायला लागला. दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा दार उघडून खालीच उतरला, आणि बाह्या सरसावत पान्याच्या खिडकीशी आला. त्याला वाटलं हा फुगीर डबा आपल्याला शर्यतीचं आव्हान देतोय.

“काय रे, फार घाई आहे का?”

पान्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मागे दाखवलं. कुजबुजत सगळं सांगितलं. दात, मुलाखत, चौथा गिअर. पाय अॅक्सिलरेटरवर तसाच. माणसाने मान आत घालून बघितलं. त्याचा चेहरा विरघळला.

“आमचा मिक्सरच्या आवाजाला झोपायचा,” तो कुजबुजला. “दोन मिक्सर जाळले आम्ही.”

मग तो जो निघाला, तो थेट रांगेच्या तोंडाशी. वाटेत प्रत्येक खिडकीत वाकून काहीतरी सांगत होता. हॉर्न बंद झाले. एक बस कडेला सरली. एका ट्रकवाल्याने स्वतःचं गाणं बंद केलं. पान्याची गाडी पहिल्या गिअरात किंचाळत त्या मोकळ्या वाटेने पुढे गेली, आणि लोक काचेतून हळूच हात हलवत होते. टोलवरच्या बाईने पावती अशी दिली, जसं काही तीच झोपलेली आहे. इतकं भाग्य पान्याला पाचव्या गिअरात कधी लाभलं नव्हतं.

वेळेवर पोचले. कंपनी होती कानात घालायची श्रवणयंत्रं बनवणारी. आवार स्वच्छ, झाडं कापलेली, आणि जागोजाग पाट्या: शांतता राखा. पान्याने मुकाट्याने पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली गाडी लावली, कारण तिथेच सावली होती. पाय अॅक्सिलरेटरवर. ताई उठली. चेहरा टवटवीत, डोळे स्वच्छ. तिने केस नीट केले, भोंगीकडे बघितलं आणि पान्याच्या कानाशी आली.

“हिला उठू देऊ नकोस. वर मला हिचं रडणं ऐकू आलं ना, तर समोर कोणी का बसलेलं असेना, मी उठून खाली येईन. मला माझा स्वभाव माहितीय.”

ती आत गेली. पान्याने शपथ घेतल्यासारखा पाय दाबला.

थोड्या वेळाने वॉचमन आला. म्हातारा, तरतरीत, कानात कंपनीचंच यंत्र. इंजिन बंद करा म्हणाला. पान्याने कुजबुजून परत सगळी कथा सांगितली. कुजबुज वॉचमनला नीट पोचली नाही, पण झोपलेलं बाळ दिसलं. त्याने थोडा विचार केला. मग कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि खुर्चीवर जाऊन निवांत बसला.

वर मात्र गडबड उडाली होती. एकेक खिडकी बंद व्हायला लागली. पांढऱ्या कोटातला एक माणूस डोकावला आणि दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागला. पान्यानेही हसून हात हलवला. माणसं इथली प्रेमळ आहेत, असं त्याला वाटलं. पायाला गोळे आले. डावा पाय पलीकडे नेऊन त्याने थोडा वेळ काढला. गाडीच्या पोटातला पंखा घोंघावायला लागला. भोंगी मात्र झोपेत हसत होती, एक छोटासा नवा दात दाखवून.

अखेर ताई बाहेर आली. सोबत चष्म्यातल्या एक मॅडम. दोघी बोलत गाडीच्या दिशेने येत होत्या. पान्याने खिडकीतून अंगठा वर करून विचारलं, जमलं का? ताईने त्याच्याकडे असं बघितलं, जसं रस्त्यातल्या खांबाकडे बघतात. आणि पुढे निघून गेली.

“ताई,” पान्या दबक्या आवाजात म्हणाला.

मॅडम थांबल्या. “तुमच्या ओळखीचे आहेत?”

“नाही हो,” ताई म्हणाली. “मीही हेच विचारणार होते, हे कोण?”

पान्याचा पाय सुटता सुटता राहिला. सख्खी बहीण! मागे तिची स्वतःची मुलगी! मॅडमनी वॉचमनला हाक मारली, ती अर्थातच त्याला ऐकू गेली नाही. तेव्हा त्या स्वतः पुढे आल्या, आणि पान्याला गेटकडे बोट दाखवलं. पान्या पहिल्या गिअरात किंचाळत बाहेर पडला आणि पलीकडच्या वळणावर जाऊन थांबला. इतका दुखावला होता की इंजिनही बंद केलं. भोंगी जागी झाली, तिने तोंड उघडलं, आणि पान्याचा चेहरा बघून परत मिटलं.

ताई धावतच आली. मागचं दार उघडून बसली आणि भोंगीचे मुके घ्यायला लागली.

“झालं! सोमवारपासून ये म्हणाल्या.”

पान्याला आनंद आवरेना. पण राग त्याच्याआधी बाहेर आला. मी कोण ते तुला माहीत नाही होय, असं त्याने विचारलं.

“अरे, ऐक तरी. नोकरी ऑफिस सांभाळायची आहे. गेट, वॉचमन, पार्किंग, सगळं. खालून तुझा आवाज चालूच होता. त्यांच्या तपासणीच्या खोल्या बंद पडल्या. मॅडम म्हणाल्या, आता हेच उदाहरण घ्या, तुम्ही काय कराल? मी म्हटलं, आधी गाडीचा नंबर घेईन. आणि खिडकीतून नुसतं खाली बघितलं आणि नंबर धडाधड सांगितला. मागच्या झाडामुळे पाटी अर्धी झाकलेली, तरी! म्हणाल्या, अशी नजर आजवर पाहिली नाही.”

“तुला माझा नंबर पाठ आहे.”

“मग? त्यावरच तर निवडलं.”

पान्या जरा सुखावला. म्हणजे नोकरी माझ्यामुळेच लागली, असं तो म्हणाला, आणि सोमवारी तुला सोडायला मीच येणार, असंही.

ताईने भोंगीला छातीशी धरलं आणि बाहेर बघितलं.

“वळणापर्यंत ये. तो नंबर गेटच्या आत येऊ द्यायचा नाही, हे माझं पहिलं काम आहे.”