एका फोटोत न मावणारी माणसं

"बसू, बाईंना म्हणावं, जरा अलीकडं सरका."

"बसू, मालकांना सांग, मी हितंच बरी हाय."

मालक म्हणजे सयाजी आणि बाई म्हणजे त्याची सख्खी धाकटी बहीण वैजयंती. सांगोल्याजवळच्या आपल्याच डाळिंबाच्या बागेत दोघं सहा वर्षांनी समोरासमोर आले होते. तेही सातबारा दोघांच्या नावावर असल्यानं सौर पंपाच्या अर्जाला दोघांचा शेतातला एकत्र फोटो हवा होता म्हणून. ऑनलाइन अर्ज भरून देणारा बसू मोबाईल घेऊन उभा होता. भावाबहिणीच्या मधून बैलगाडी सहज गेली असती.

बसू मागे गेला, तर चेहरे दिसेनात. मग त्यानं दोघांना शेततळ्याच्या बांधावर चढवलं. बांध अरुंद, आता जवळ येतीलच, असा त्याचा हिशेब.

"एकेक पाऊल टाका की!"

आधी पाऊल कोण टाकणार? शेवटी वैजयंतीनं रागारागानं टाकलं, ते नेमकं तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर. चप्पल सटकली. तिनं हाताला आला तो सयाजीचा सदरा धरला आणि दोघं घसरत थेट तळाच्या गुडघाभर हिरव्या पाण्यात जाऊन बसले.

वर येता येईना. सयाजी चार हात चढायचा आणि पाच हात घसरायचा. बसूनं ठिबकची नळी टाकली, ती तुटली. तो पळत जाऊन वस्तीवरून त्यांच्या आईला घेऊन आला. गोजरबाईंनी येताना दोरीवर वाळत घातलेलं नऊवारी लुगडं ओढून आणलं होतं.

"टाक की गं आये!"

गोजरबाई लुगडं मांडीवर घेऊन बांधावर बसल्या. "आदी बोला. सहा वर्सं झाली."

"काय बोलू?" वैजयंती उसळली. "ह्याच्या पोराच्या, इंद्रजीतच्या लग्नपत्रिकेत सगळ्या मावश्या, आत्या छापल्या. नवऱ्या मुलाची सख्खी आत्या तेवढी गाळली ह्यानं!"

"मी कवा गाळली? मी पत्रिका बघितली ती छापून आल्यावर. तुला सांगायला फोन केला, तर तू फोनच आदळलास."

"मग नावं दिली कुणी छापायला?"

गोजरबाई लुगड्याचा काठ चाचपू लागल्या.

"छापखान्यातनं फोन आलता," त्या हळूच म्हणाल्या. "पावण्यांची नावं आठवून आठवून सांगितली. घरातली कोण इसरतंय व्हय, म्हणून ती शेवटाला ठिवली. आन् इसरली."

"आन् सहा वर्सं गप बसलीस?" दोघं एकदम ओरडले.

"तुमी भांडत हुता. मला मदी बोलाया कुटं सापडलं?"

सयाजीनं बहिणीकडे पाहिलं. तिच्या नाकाला शेवाळ लागलं होतं. आधी ती हसली, मग तो हसला आणि हसता हसता पुन्हा पाण्यात बसला.

"आये," वैजयंती गोड आवाजात म्हणाली, "जरा खाली ये की."

"राग गेल्याबिगर लुगडं सोडत न्हाय मी!"

अखेर बसूनंच ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, कुंपणाच्या खांबाला बांधलं आणि दोघांना वर ओढलं. चिखलानं माखलेले, एकमेकांना धरून उभे राहिलेले भाऊबहीण एका झटक्यात फोटोत मावले.

दुपारभर दोघं वस्तीवरच्या लिंबाच्या सावलीत बसून सहा वर्षांचं बोलले. गोजरबाईंशी मात्र एकही बोलेना. त्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली, ती दोघांनी न बघता ओढून घेतली.

"आयेची पयल्यापासनं हीच खोड हाय, दादा."

"लई, वैजू. लई."

चुलीपुढे गोजरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्या एक शब्द चुकू नये म्हणून बांगड्यांचा आवाज न करता ऐकत बसल्या.