दामोदरपंतांनी लिहिण्याचा अखत्यार सोडिला त्याची बखर

श्रीशारदेचे पायी मस्तक ठेवून, आणि तारेत बैसलेल्या वीजदेवीस हात जोडून की बाईसाहेब, तास सरेतोवर जाऊ नये, हकीकत लिहितो ऐसी जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एक दौलत होती. दौलतीचे नाव सांगत नाही. सांगितले तर दहा दौलती उठतील की ही आमचीच. दगडी तट, पत्र्याचे छत आणि घंटेचा अंमल, इतके पुरे. त्या दौलतीत आठव्या इयत्तेच्या मराठीचे सुभेदार राजश्री दामोदरपंत आठल्ये. विद्वान, निर्व्यसनी, आणि लाल शाईचे मोठे शूर. पंतांनी टोपण काढिले की भल्या भल्या वह्या कापत.

सुभ्याची जुनी वहिवाट ऐसी की, निबंधाचे दिवशी पंत मजकूर तोंडी सांगत, आणि मुले उतरून घेत, आणि पाठ करीत, आणि मग परीक्षेस तोच मजकूर पंतांस परत नजर करीत. येणेकरून निबंधात सकल मुलांच्या आया पहाटे पाचास उठत, दारी सडा घालीत, आणि ओठी सदैव हसू बाळगीत. अहो, एखादी आई तरी चिडावी! पण नाव नको. पंतांची निवृत्ती जवळ आली आणि ते मनी बहुत कष्टी जाले. चहाचे वेळी म्हणाले, "उभा जन्म मी वाढलं, आणि माझ्याच पानात माझंच उष्टं परत आलं. जायच्या आधी एका पोराचं एक वाक्य वाचायला मिळावं, जे माझं नाही. बस्स." हे संगणकखात्याच्या केतकीबाई शेलार यांनी ऐकिले. बाई वयाने लहान, पण अकलेच्या किल्लेदार. म्हणाल्या, "सर, मुलांना ऑनलाइन कागदावर लिहू द्या. ती लिहितील तसं तुम्हाला पडद्यावर दिसेल. एकमेकांचं वाचतील, बाजूला शेरे टाकतील. फक्त तुम्ही आधी काही सांगायचं नाही." पंत म्हणाले, "या वयात मला घोड्यावर बसवताय." बाई म्हणाल्या, "घोडा गरीब आहे, सर."

मग सारी फौज संगणकाच्या दालनी उतरली, आणि पंतांनी विषय दिला, "माझी आई." कागदावर ज्याचे त्याचे नावाचे निशाण फडके, आणि जेथे तो लिही तेथे निशाण चाले. कौतुक किती सांगावे! खाडाखोड दिसेना, शाई सांडेना, अक्षराचा कुरूप मुलगाही साहेबासारखा लिहू लागला. परंतु जित्याची खोड ती! पंतांचे निशाण ज्या कागदी शिरे तेथे शब्द पुरता उमटण्याआधी पंत तो दुरुस्त करीत. मुलगा लिही आणि पंत पुसत, आणि मुलगा पुन्हा लिही आणि पंत पुन्हा पुसत. त्यात ऋजुता लोखंडे म्हणून एक मुलगी, वर्गात कधी चकार शब्द न काढणारी. तिने लिहिले, "माझी आई सकाळी झोपते." पंतांनी तत्काळ "झोपते" खोडून "उठते" केले, आणि स्वारी पुढील कागदावर गेली. मुलीने पाहिले, आणि सारा कागद कोरा केला, आणि हात मांडीवर घेऊन बैसली. ते पाहून बाकीच्यांनीही धीर सोडिला, आणि पुन्हा सकल आया पहाटे पाचास उठल्या.

पंत खट्टू होऊन म्हणाले, "यंत्र नवं, उष्टं तेच." तेव्हा केतकीबाई म्हणाल्या, "सर, ऋजुताची आई नर्स आहे. कायम रातपाळी. ती सकाळीच झोपते." पंतांचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणाले, "म्हणजे जे वाक्य मी मागत होतो ते आलं, आणि मीच मारलं?" बाई स्पष्टवक्त्या. म्हणाल्या, "हो." आणि मग दया येऊन म्हणाल्या, "पण इथं पुसलेलं परत आणता येतं." आणि कागदाच्या मागील अवस्था उघडून दाखविल्या, तो काय आश्चर्य! ती ओळ जशीच्या तशी जिवंत. वहीत खोडले ते कायमचे गेले. यंत्राने मात्र लेकराचा शब्द पोटाशी धरून ठेविला होता. धन्य ते यंत्र! पंतांनी स्वहस्ते ओळ जागी बसविली, आणि केतकीबाईंस म्हणाले, "आता माझा लिहिण्याचा अखत्यार काढून घ्या. पोरांच्या मजकुराला माझा हात लागता कामा नये. बाजूला शेरा टाकता आला म्हणजे झालं." बाईंनी कळ दाबली. सुभेदार निःशस्त्र जाले.

पुढील तासास ऋजुताने कागद उघडिला तो ओळ परत आलेली, आणि शेजारी पंतांचा शेरा: "ही ओळ खरी होती. चूक माझी. आई झोपल्यावर घरात काय होतं? मला माहीत नाही, म्हणून विचारतो." मुलीने शेरा वाचिला. आणि मग तिचे निशाण हलले. "आई झोपली की आम्ही सगळे चोर होतो. बाबा चहा ढवळत नाहीत, कप गोल गोल हलवतात. शिट्टी व्हायच्या आत मी कुकर बंद करते, म्हणून आमचा भात रोज कच्चा असतो. भाजीवाला ओरडायला लागला की मी अनवाणी पळत जाऊन त्याच्या पाया पडते." तो ओंकार ढवळे याने शेरा टाकिला, "म्हणून तुझ्या डब्यातला भात टोचतो होय!" हिने खाली लिहिले, "तरी परवा सगळा खाल्लास." दालनात हशा जाला. आणि मग पाहता पाहता पाचास उठलेल्या आया पडद्यावरून नाहीशा जाल्या, आणि एकाची आई चिडली, आणि एकीची आई दुकानाचे शटर ओढू लागली, आणि एकाने लिहिले की मला आई आठवत नाही, आत्याबद्दल लिहिलं तर चालेल का. पंतांचे बोट सवयीने कळांवर पडे, पण यंत्र दाद देईना. मग पंत डोळे पुसू लागले, आणि त्यात कोणास लाज वाटली नाही.

ऋजुताने त्या कागदाचा दुवा आईस धाडिला होता. दुसरे दिवशी कागद उघडिला तो पंतांच्या शेऱ्याखाली तिच्या आईचा शेरा आला होता: "ऋजू, मी बराच वेळ जागीच असते गं. तुम्ही दबकत चालता ते ऐकत पडून राहते. त्यानंच मला झोप लागते." मुलीने वाचिले, आणि खुर्ची फिरवून पंतांकडे पाहिले, आणि जन्मात प्रथम वर्गात मोठ्याने बोलली, "सर, हे मला माहीतच नव्हतं." पंत म्हणाले, "मग लिही ना, बाळ."

एवंच, एका वाक्याकारणे मोहीम जाली आणि ती फत्ते जाली. यश यंत्राचे किती आणि पंतांचे किती, हा निवाडा वाचणाराने करावा. लिहिणाराने डोळा पाहिले ते इतुकेच, की पंत हात पाठीशी बांधून उभे होते आणि मुलगी लिहीत होती.