मार्थाकाकूंचा कारभार

मार्थाकाकू वस्तू विकत घेत नाहीत. आधी त्या वस्तूला भेटायला जातात.

लग्न होऊन मी अंबाजोगाईत आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या दारातून हाक आली, "मंगल, मिक्सरला बघून येऊ. येतीस का?" मला वाटलं, मिक्सर हे गल्लीतल्या कुणाचं तरी टोपणनाव असणार आणि बिचारा आजारी असणार. मी पदर सारखा केला, पिशवीत केळी टाकली आणि निघाले.

काकूंनी मला नेलं ते भांड्यांच्या दुकानात. कपाळभर भस्म लावलेल्या अप्पांनी आम्हाला पाहताच, कुणी काही न सांगता, फळीवरचा एक मिक्सर उतरवून काकूंपुढे ठेवला आणि बसायला स्टूल सरकवलं. काकूंनी झाकण काढलं, आत डोकावल्या, बटण इकडून तिकडे फिरवलं.

"बरा हाय. ऱ्हाऊ द्या. पुन्ना येते," म्हणाल्या आणि उठल्या.

अप्पांनी मिक्सर परत फळीवर ठेवला. चेहऱ्यावर राग नाही, आशाही नाही.

"कधीपासून बघताय?" मी रस्त्यावर आल्यावर विचारलं.

"उन्हाळ्यापासून. अगं, वस्तू पैल्यांदा बघितली की नवरीवानी दिसती. चार खेपा गेलं की तिचं खरं तोंड दिसतं. तरीबी हवी वाटली तर गरज, न्हाई तर हौस."

केळी आम्हीच खाल्ली. मिक्सर काही काकूंनी घेतला नाही. नाताळात मात्र अप्पांच्या दुकानात करंज्यांचं ताट गेलं. एवढ्या दिवसांची ओळख, ती मिक्सरपायी तुटू कशी द्यायची!

या बाईबद्दल माझं कुतूहल वाढतच गेलं. काकूंचे यजमान शांतवनकाका दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. पेन्शनचा दिवस म्हणजे त्या घरात सणच. स्वयंपाकघरातल्या खिळ्यांवर जुन्या लुगड्याचे बटवे टांगलेले: किराण्याचा, लाइटबिलाचा, दवाखान्याचा, पाहुण्यांचा. पण सगळ्यांच्या आधी दशांश बाजूला निघायचा, चर्चसाठी.

"हे देवाचं," काकू मला समजावायच्या. "उरल्यालंबी त्याचंच हाय, निस्तं वापराय दिल्यालं. आपण मालक न्हाई, कारभारी."

"ही कारभारी," काका खाटेवरून म्हणायचे, "मग मी कोन?"

"तुमी गाणी म्हणा."

आणि काका खरंच म्हणायचे. आवाज असा, की रविवारी चर्चमध्ये पहिली ओळ त्यांनी उचलल्याशिवाय बाकीच्यांची तोंडं उघडत नसत.

एका बटव्यातला रुपया दुसऱ्यात जायचा नाही. पाहुण्यांचा बटवा महिनाअखेरीला रिकामा झाला, की आलेल्या माणसाला चहाऐवजी प्रार्थना मिळायची. ती चहापेक्षा बरीच लांब असायची. त्यामुळे जाणते पाहुणे महिन्याच्या सुरुवातीलाच येऊन जात.

"पैशाला इतकं का जपता, काकू?" मी एकदा विचारलं.

काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "मी शिरूर कासारकडची. आईबाप ऊस तोडायला जायचे. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती खायची आन् मग ती फिटेपर्यंत राबायचं. उचल खाल्लेला मानूस नाताळालाबी सोताचा नसतो गं." एवढंच. मग त्यांनी एक खडा मला दाखवला आणि किराणेवाल्याच्या नावाने बराच वेळ बोलत राहिल्या.

त्यांच्या नादाने मीही सुधारले. हप्त्यावर फ्रिज घ्यायचं मी आणि आमच्या यांनी ठरवलं होतं. काकू मला त्या फ्रिजला भेटवायला नेत राहिल्या. तिसऱ्या खेपेला मला त्याचं हँडल आवडेना. चौथ्या खेपेला तर तो घरी येऊन आपलं स्वयंपाकघर अडवून उभा राहील, याची भीतीच वाटायला लागली. आम्ही माठ घेतला.

मग काकांना पेटी हवीशी झाली. बाजाची पेटी. बसस्टँडमागे भजनी मंडळांच्या पेट्या-तबले दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे, तिथली एक जुनी पेटी त्यांच्या मनात भरली.

"बघून या," काकू म्हणाल्या.

काका गेले आणि तासभर पेटी वाजवून आले. पुढच्या शनिवारी पुन्हा. दुकानदार त्यांना चहा पाजायला लागला, कारण काकांचं गाणं ऐकायला गिऱ्हाइकं थांबायची. घरी येताना काकांचा चेहरा कसा फुललेला असे!

"बघूनच पोट भरतंय," काकू मला डोळा घालून म्हणाल्या, "तर घ्यायची कशाला?"

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी, दाढी करता करता, काकांच्या हातातून ब्रश पडला. लकवा. उजवी बाजू गेली आणि बोलणं जडावलं. औषधं, तपासण्या, रिक्षा, मालिशवाला, सगळा खर्च दवाखान्याच्या बटव्याने उचलला. काकूंनी कुणापुढे हात पसरला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा, "बाई असावी तर अशी!"

काकू मान हलवायच्या. एका दुपारी वॉर्डाबाहेरच्या पायरीवर मी त्यांच्याजवळ बसले होते, तेव्हा कुणीतरी पुन्हा तेच म्हणून गेलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"पेटीचेबी पैसे व्हते गं, मंगल. पावसाळ्याआधीपासून व्हते. मीच म्हनले, आनखी एक खेप बघून या."

काका घरी आले. कुणाशी हसणं नाही, बोलणं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दुसऱ्या आठवड्यात काकू मला घेऊन बसस्टँडमागच्या त्या दुकानात गेल्या. दुकानदार भाव सांगायला लागला, तर म्हणाल्या, "बांधून द्या." घासाघीस नाही, झाकण उघडून बघणं नाही.

पेटी खाटेजवळ ठेवल्यावर काकांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. "आता... कशाला?" हे दोन शब्द काढायलाही त्यांना केवढे कष्ट पडले! उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता.

"डावा हाय न्हवं?" काकू म्हणाल्या. त्यांनी काकांना उठवून बसवलं, पाठीला उशी दिली, डावा हात धरून भात्यावर ठेवला आणि स्वतः त्यांच्या उजव्या अंगाला बसल्या. "हवा तुमची, बोटं माजी. सांगा, कुठली पट्टी दाबू?"

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग भाता हलला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या भिंतीपलीकडे गाणं सुरू असतं. गाणं म्हणजे काय, काकू एका बोटाने पट्ट्या शोधत जातात आणि काका हवा देतात. पट्टी चुकली की काका भाता थांबवतात. पेटी मुकी होते. काकू चाचपडतात, बरोबर पट्टी सापडली की हवा पुन्हा सुरू. आमच्या यांनी पहिले काही दिवस कानात कापूस घातला. आता जेवताना तेही बोटांनी ताल धरतात.

एक गाणं त्यांच्या हातात चांगलंच बसलंय. फक्त कडव्याच्या शेवटी काकू अडखळतात, आणि तेही रोज, एकाच जागी. परवा दळण द्यायला गेले, तेव्हा राहवलं नाही म्हणून विचारलं.

"काकू, बाकी सगळं गाणं बिनचूक येतं तुम्हाला. मग तिथेच कसं हो चुकतं? आता तर मलासुद्धा कळतं, कुठली पट्टी ते."

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. काका पाठीला उशी लावून, भात्यावर हात ठेवून तयार बसले होते. काकूंनी मला बाजूला ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "मलाबी ठावं हाय गं ती पट्टी. पर तितं चुकलं की ते हासत्यात."